ओलं फडकं

होळीच्या दिवशी पुरणाची डाळ शिजली आणि कट गाळायला भलंमोठं पातेलं गॅसवरून सिंकपाशी न्यायचं होतं. एक कान बायकोच्या हातात, दुसरा माझ्या. "कोरडं फडकं घ्या," ती म्हणाली होती. कोरडं बाल्कनीत होतं. आमच्या बिबवेवाडीच्या घरात ओटा ते बाल्कनी सहा पावलं. मी ओट्यावरचं ओलंच घेतलं.

चटका फडक्यातून आरपार आला आणि माझा हात सुटला. तिनं सोडलं नाही. पातेलं तिच्या हातात लोंबकळलं आणि उकळता कट तिच्या उजव्या पावलावर सांडला.

जखम भरली, पण अंगठ्याजवळची जागा बधिर राहिली. मुलगी फिजिओथेरपी शिकते. तिनं मला काम लावून दिलं: रोज संध्याकाळी आईनं डोळे मिटायचे, मी पावलावर कापसाचा बोळा फिरवायचा आणि कुठे जाणवतंय ते आईनं सांगायचं. अंगठ्याशी आलो की ती गप्प.

"बाबा, तू उगाच मनाला लावून घेतोस," मुलगी एकदा म्हणाली. "तो रिफ्लेक्स असतो. चटक्याची बातमी पाठीच्या कण्यापर्यंत जाते आणि तिथूनच हात सोडायची ऑर्डर सुटते. मेंदूला नंतर कळतं. तू सोडलंच नाहीस."

दोन दिवस मला हलकं वाटलं. मग प्रश्न पडला: पाठीचा कणा तर हिलाही आहे. पातेल्याचा भार एका हातावर आला, पायावर कट पडला, तरी हिनं कसं धरून ठेवलं?

"आधीच माहीत असेल तर मेंदू वरून दाबून धरू शकतो," मुलगी म्हणाली. "पण आईला कसं माहीत असणार?"

म्हणजे हात सोडला तो कण्यानं. पण ओलं फडकं कुणी निवडलं? तिथे तर वेळ होता, सहा पावलांचा. मी पुन्हा गोंधळलो. त्या संध्याकाळी बोळा हातात घेऊन बायकोला सांगून टाकलं, "फडकं ओलं होतं."

"माहितीये. वाफ निघत होती त्यातून. तेव्हाच म्हटलं, हे आता सोडणार."

"मग बोलली का नाहीस?"

"भाषण करायला वेळ होता का? तुमच्या पायावर आलं असतं सगळं. म्हणून माझ्याकडे ओढलं."

मी बोळा हातात धरून तिच्या पावलाकडे बघत बसलो.

"अहो, बसलात काय? फिरवा की."

तिनं डोळे मिटले. मी बोळा फिरवत राहिलो. मनात सगळा घोळ. बोळा कुठे फिरतोय याकडे माझंच लक्ष नव्हतं.

"अंगठ्यापाशी आहात," ती म्हणाली.

पाहिलं तर खरंच होतो. तिला स्पर्श जाणवला, की माझा चेहरा बघवेना म्हणून तिनं हळूच डोळे उघडले होते, हे मला अजून कळलेलं नाही. विचारायचा धीर होत नाही.