वरची तार, खालची तार

आमच्या साडूंसारखा हौशी विद्यार्थी जव्हार संस्थानात दुसरा झाला नाही, आणि त्यांना आली तितकी उलटी विद्याही दुसऱ्या कुणाला आली नाही. हा गोल चेहऱ्याचा, सदा घाईतला गृहस्थ जंगलखात्यात कारकून होता. दिवसभर सागाचे ओंडके मोजायचे आणि उरलेल्या वेळात काहीतरी शिकायचं, हा त्यांचा नेम. एका पावसाळ्यात ते टोप्या शिवायला शिकले. त्यातली एकही टोपी कुणाच्या डोक्यात शिरेना, तेव्हा त्यांनी त्या लोणच्याच्या बरण्यांना घातल्या आणि म्हणाले, "शिक्षण कधी वाया जात नाही." त्यांची बायको म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. आम्ही सगळे तिला ताई म्हणायचो. ताईने एका बरणीची टोपी उतरवली आणि लोणचं वाढलं.

मग गिटार आली. दरबारी बँडातले गोव्याचे म्हातारे बँडमास्तर साडूंचे शेजारी होते. नोकरी सोडून गावी निघताना त्यांनी आपली गिटार साडूंच्या हाती दिली. सोबत एक कागद होता. त्यावर एकाखाली एक अशा सहा रेघा आणि रेघांवर आकडे. "रेघ म्हणजे तार, आकडा म्हणजे पडदा, ही दांडीवरची पट्टी," मास्तरांनी बैलांच्या दमणीत चढता चढता सांगितलं. "ज्या रेघेर जो आकडो, त्या तारेर त्या पडद्यार बोट. दसऱ्याक येतां, तेन्ना ही चाल म्हाका आयकय." साडूंनी छातीवर हात ठेवून शब्द दिला. दमणी हलली आणि साडू आत येऊन मांडी घालून बसले.

कागदावर जी वरची रेघ ती गिटारीची वरची तार, यात विचारायचं काय होतं? गिटार मांडीवर घेतली की वर येते ती सगळ्यात जाड तार. साडू तिच्यावर तुटून पडले. घरात कुणीतरी रिकामं पिंप ओढत नेतंय असा आवाज येऊ लागला. शून्याचा अर्थही त्यांनी स्वतःच लावला. शून्य म्हणजे काही नाही, म्हणजे गप्प बसायचं. शून्य आलं की ते डोळे मिटून हात वर धरायचे आणि पूजेतल्यासारखे स्तब्ध व्हायचे. ताई मला म्हणाली, "भावजी, तो अख्खा कागद शून्यांनीच भरला असता तर किती बरं झालं असतं!"

पुढे तर त्यांना जगच सहा रेघांचं दिसायला लागलं. जेवताना लाटण्यावर बोटं, झोपाळ्याच्या कडीवर बोटं, एकदा तर बोलता बोलता माझ्या मनगटावर बोटं. स्वयंपाकघरातल्या फळ्यांना ते तारा म्हणायचे. "अगं, दुसऱ्या तारेवरची तिसरी बरणी दे," असं म्हणाले की ताई खालून मोजून हिंगाचा डबा पुढे करायची. "वरून मोजायचं!" ते ओरडायचे. "माझा हात खालून सुरू होतो," ताई म्हणायची.

मोखाड्याच्या दौऱ्यावरही गिटार गेली. पोशेरा गावी चावडीपुढे साडूंनी बैठक मारली. नाचणीच्या शेतातून आलेली माणसं उकिडवी बसून मन लावून ऐकत होती. साडू शून्यावर थांबले तेव्हा एका म्हाताऱ्याने काळजीने विचारलं, "रावसाहेब, यो बाजा कनतो कशाला? आजारी हाये का?"

"विलायती आहे," साडू म्हणाले. "इथली हवा अजून मानवली नाही."

दसऱ्याला मास्तर खरंच आले. साडू न्हाऊन, नवं धोतर नेसून तयार होते. मीही सहकुटुंब हजर होतो. साडूंनी चाल सुरू केली. मास्तरांनी आधी भुवया उंचावल्या, मग कान पुढे केला, मग कागद मागितला. कागदाकडे बघितलं, साडूंच्या बोटांकडे बघितलं, आणि हसता हसता ते झोपाळ्यावर आडवे झाले. "अरे बाब, कागद सुलटो आसा, तूंच उलटो! वयली रेघ म्हणजे सकयली, तळाची तार, ती बारीक! आनी शून्य म्हणजे मुकी न्हय, मोकळी तार. पडद्यार बोट नाका, तशीच वाजय."

"मी म्हणत नव्हते? खालून!" आतून ताईचा आवाज आला.

साडू लाल झाले, पण गिटार त्यांनी खाली ठेवली नाही. बोट तळाच्या बारीक तारेवर नेलं आणि अडखळत, जिभेचं टोक बाहेर काढून, एकेक आकडा वाचत पुन्हा सुरुवात केली. आणि त्या पिंपाच्या घरात पहिल्यांदाच एक गोड, साधी चाल चालत आली. मास्तरांचं हसणं थांबलं.

"परत," ते म्हणाले. साडूंनी परत वाजवली.

मास्तरांनी आपले हात पुढे केले. वाताने बोटं आखडून वाकडी झाली होती. "म्हूण दिली तुका," ते हळू म्हणाले. "ही चाल म्हजी बायल गुणगुणताली. ती गेली, मागीर बोटां गेलीं. मदीं कोणेच वाजोवंक ना."

साडूंना दर गोष्टीचा स्वतःच अर्थ लावायची खोड होती. त्या दिवशी त्यांनी कसलाच अर्थ लावला नाही. मास्तर पुरे म्हणेपर्यंत ते वाजवत राहिले.

पुढच्या दसऱ्याला साडू सकाळपासून तारा जुळवून ओटीवर बसले होते. रस्त्याने दमणी गेली की मान वर करायचे. दिवेलागण झाली तरी मास्तर आले नाहीत. साडू गिटारीवर फडकं टाकायला लागले, तेव्हा ताई पदराला हात पुसत बाहेर आली आणि मास्तर बसले होते त्या झोपाळ्यावर बसली.

"वाजवा," ती म्हणाली. "मी ऐकते आहे."