नळीचे सहा आठवडे

केळवली आणि डोळवली या दोन स्टेशनांच्या मधला रूळ नऊ वर्षं काळूरामकाकाच्या ताब्यात होता. काका रेल्वेत चावीवाला. ही चावी कुलपाची नव्हे. रूळ ज्या लोखंडी स्लीपरवर बसतो, त्याला घट्ट धरून ठेवणारी ती लोखंडी पाचर असते. गाड्यांच्या हादऱ्याने ती हळूहळू सरकते, कधी निसटून खडीत पडते. म्हणून चावीवाल्याने रोज हातोडा घेऊन आपल्या हद्दीतून चालायचं, जाताना एक रूळ बघायचा, येताना दुसरा. घट्ट चावीचा आवाज खणखणीत येतो. ढिली चावी बद्द वाजते.

आठ माणसांच्या गँगमधून हातोडा एकालाच मिळतो. बाकीच्यांनी मुकादमाच्या हाकेवर खडी उपसायची, रूळ उचलायचे, शिव्या खायच्या. धर्मांतराच्या साली काका चौदा वर्षांचा होता. त्याच्या बापाने त्या वर्षी गावकीची कामं सोडली, पण गावाने हाका मारणं काही सोडलं नाही. "ए काळ्या, हिकडं ये" ही हाक काकाने गावात ऐकली आणि गँगमध्येही तेरा वर्षं ऐकली. चावीवाला झाल्यावर ती थांबली. हद्दीत तो एकटा असे. कुठे वाकायचं आणि कुठे थांबायचं ते तो ठरवत असे.

चावीवाले चालताना पाणी पीत नाहीत. प्यायलं की थांबावं लागतं, आणि वाटेत जागोजागी थांबणारा चावीवाला आळशी समजला जातो. काका सकाळी घोटभर चहा पिऊन निघायचा तो दुपारी घरी आल्यावरच तांब्या तोंडाला लावायचा. याचा त्याला अभिमान होता. शहाऐंशी सालच्या दिवाळीनंतर एका सकाळी तो रुळाशेजारी आडवा पडून गडबडा लोळताना गँगला दिसला.

"रुळाची खडी खाल्लीस काय रं?" असं नामाने विचारलं. नामा गँगमधला सगळ्यात तरुण, तोंडाचा फटकळ. दुसऱ्या आठवड्यात मुंबईच्या इस्पितळात फोटो निघाला आणि मूत्रपिंडातून खाली येणाऱ्या वाटेत खडा अडकलेला दिसला, तेव्हा नामाची थट्टा खरी ठरली.

मी सिग्नल खात्यात नवा लागलो होतो आणि काकाच्या शेजारच्याच क्वार्टरमध्ये राहत होतो, म्हणून इस्पितळात मीच सोबत गेलो. डॉक्टरांनी लघवीच्या वाटेनेच दुर्बीण घालून खडा काढला. पोट फाडावं लागलं नाही. मात्र आतली वाट सुजली होती. ती बंद होऊ नये म्हणून त्यांनी तिथे एक नळी ठेवली. तशीच दुसरी नळी त्यांनी मला दाखवली. मऊ, निळसर, वीतभराहून थोडी लांब, दोन्ही टोकांना वेटोळं. एक वेटोळं मूत्रपिंडात अडकतं, दुसरं मूत्राशयात.

"सहा आठवडे," डॉक्टर म्हणाले. "पाणी भरपूर प्यायचं. ओझं, ठोकाठोक, लांब चालणं बंद. नळी टोचेल, लघवीला जळजळेल. घाबरायचं नाही. पण सहा आठवड्यांनी काढायला यायचंच." आणि हलकं काम द्यावं असा कागद त्यांनी लिहून दिला.

घरी आल्यावर काकाने तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. मग घडी घालून पत्र्याच्या पेटीत, लुगड्यांच्या खाली ठेवला.

"मुकादमाला द्यायचा हाय तो," मी म्हणालो.

"दिला की फाटकावर बसवतील. फाटकावर गेलेला कोण परत हातोड्याला आलाय, सांग. शंकर आला? गोविंद आला?"

"सहाच आठवडे, काका."

"तेच म्हणतो मी. सहाच आठवडे काढायचे हायत. तू गप ऱ्हा."

मी गप्प राहिलो. यंत्र कसं चालतं ते मला शिकवलं होतं. माणसाला खोटं ठरवायचं कसं ते नव्हतं. आणि काकाला हातोडा किती प्यारा आहे ते मला ठाऊक होतं.

खड्याची कळ येई आणि जाई. नळी जात नव्हती. काका सांगायचा की लघवीला बसलं की कुणी तरी खालून वर, बरगडीपर्यंत, तापलेली सळई सरकवतंय असं वाटतं; आणि झाल्यावरही झालं असं वाटत नाही. पाव तासात पुन्हा जावंसं वाटतं, तेव्हा चारच थेंब येतात. मैलभर चाललं की थेंब लाल. हातोडा खाली आला की आतलं वेटोळं हलतं. वाकताना तो श्वास धरायचा आणि सरळ होताना डोळे मिटायचा.

अंगावर टाका नाही, पट्टी नाही. त्यामुळे गँगला काही दिसत नव्हतं. "मुंबईला जाऊन आराम करून आला पाव्हणा," असं मुकादम येसाजी म्हणाला, तेव्हा काकाही हसला.

मग त्याने चावीवाल्यालाच सुचेल अशी चूक केली. सारखं थांबावं लागतं म्हणून त्याने पाणी आणखी कमी केलं. चार दिवसांत लघवी काळसर लाल झाली आणि रात्री अंगात कणकण आली. त्याची बायको, जयवंताकाकी, मला बोलवायला आली. मी सांगितलं की नळीला पाणी लागतं, पाणी नसलं की तिच्यावर पुन्हा खडाच धरतो.

काकी त्याच्याकडे वळली. "ऐकलंत? पोटात नळ बसवलाय आनि पाणी बंद करून बसलाय. अवो, येडे झाला का तुमी?"

दुसऱ्या दिवसापासून ती त्याच्याबरोबर निघाली. कमरेला विळा, डोक्यावर कळशी. कुणी विचारलं तर गवताला चालले म्हणायचं. दर दोन खांबांनी ती त्याला फुलपात्र भरून द्यायची आणि तो प्यायल्याशिवाय पुढे सरकू द्यायची नाही. तो झुडपाआड गेला की रुळाकडे तोंड करून उभी राहायची. एकदा त्याला फार वेळ लागला. आतून कण्हल्याचा आवाज आला. काकीने कळशी उतरवली, हातोडा उचलला आणि पुढच्या चाव्या ठोकायला लागली.

तो बाहेर आला तेव्हा तिच्या वीस चाव्या झाल्या होत्या.

"ठेव तो," काका म्हणाला. "कुणी बघितलं तर?"

"ही बद्द वाजती. ढिली हाय ना?"

काकाने वाकून बघितलं. ढिली होती.

त्यानंतर जाताना तो, येताना ती, असं ठरलं. तिचा हात भात झोडून तयार झालेला. घाव नेमका बसायचा. चौथ्या आठवड्यापर्यंत तिला कान आला होता. परतीच्या वाटेवर काका मागून कमरेवर हात दाबून चालायचा. संध्याकाळी ती वीट तापवून फडक्यात गुंडाळायची आणि त्याच्या कुशीला लावायची. त्यानं थोडा वेळ बरं वाटे. झोप मात्र तासातासाने मोडे.

नामाने एकदा त्यांना बघितलं. "काय वयनी, भरती झाली वाटतं रेल्वेत? पगार कुणाचा, तुमचा का त्याचा?"

"तुझा," काकी म्हणाली. "निसता उभा ऱ्हातोस त्याचा." नामा हसत गेला आणि कुणाजवळ बोलला नाही.

पाचव्या आठवड्यात काकीच्या भावाकडून, कडावहून, झोडणीचा निरोप आला. माणसं कमी होती. तिने काकाकडे एका दिवसाची सुट्टी मागितली. काका म्हणाला, "जा गं. नऊ दिस ऱ्हायलेत. एक दिस जातो मी एकटा."

त्या दिवशी रुळाखालच्या मोरीपर्यंत तो नीट गेला. मोरीपाशी लघवीला बसला तर नुसतं रक्त आलं, गुठळीसकट. नंतर अर्धा तास त्याला उठता आलं नाही. पुढे वळण होतं, दीडेकशे चाव्यांचं. काका उठला आणि मोरीपासूनच मागे फिरला. संध्याकाळी मुकादमाने विचारलं, "काय, ठीक?" आणि तो म्हणाला, "ठीक."

दुसऱ्या सकाळी काकी परत आली होती. दोघं उजाडताच निघाली. वळणावर पोचल्यावर ती थांबली. लागोपाठ चार चाव्या सुटलेल्या होत्या, तीन अर्ध्या बाहेर आणि चौथी खडीत पडलेली. वळणाच्या बाहेरच्या अंगाच्या. आदल्या दिवसापासून त्यावरून खोपोलीच्या सगळ्या गाड्या येऊन-जाऊन झाल्या होत्या.

काही झालं नव्हतं. रूळ जागेवर होता. काकीने खडीतली चावी शोधली, पदराला पुसली, बसवली. चारही ठोकल्या. चारही खणखणीत वाजल्या.

"बसल्या," ती म्हणाली. "चला."

काका स्लीपरवर बसून राहिला होता.

"अवो, झालं ना? कोनी बघितलं नाय. आठ दिस ऱ्हायले. आता रोज मी हाय की संगं."

"सकाळच्या गाडीत शाळेची पोरं असत्यात," काका म्हणाला. "केळवलीहून बसत्यात."

"पण झालं नाय ना काय!"

तो उठला आणि तिच्या हातातला हातोडा घेतला. त्याने उरलेली सगळी हद्द स्वतः ठोकली, जातानाची आणि येतानाचीही. तिला हातोडा दिला नाही. पाणी मात्र दिलं तितकं प्यायला. घरी आल्यावर पेटी उघडून कागद काढला आणि मला म्हणाला, "चल. तू वाचून दाखव त्याला."

येसाजी मुकादम हजेरी लिहीत बसला होता. मी कागद वाचला. त्याने तारीख विचारली. मी सांगितली.

"पाच आठवडे पेटीत ठेवलास?"

"व्हय. आनि काल मोरीच्या पुढं गेलो नाय. वळनावर चार चाव्या सुटल्या हुत्या."

येसाजीने पेन खाली ठेवलं. "गाढवा," तो हळू म्हणाला, "चाव्यांचं मला कशाला सांगितलंस? निसता कागद द्यायचास."

"निसत्या कागदानं कसं व्हईल?"

"आठच दिस हुते रं. कळ काढायची हुतीस."

"कळच काढत हुतो," काका म्हणाला. "दुसरं काय करत हुतो?"

त्याने हातोडा भिंतीला टेकवून ठेवला. झेंडे आणि धोक्याच्या वेळी गाडी थांबवायला रुळावर लावतात त्या फटाक्यांचा डबा टेबलावर ठेवला. साहेबापर्यंत गेलेल्या रिपोर्टात येसाजीने चाव्यांबद्दल काय लिहिलं ते मला माहीत नाही. काकाची नोकरी राहिली. हद्द नामाकडे गेली आणि काका डोळवलीच्या अलीकडच्या फाटकावर बसला. काकी दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिचाही हातोडा गेला होता, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं.

ठरल्या दिवशी नळी काढली. दुर्बिणीने धरून ओढायला दोन मिनिटंही लागली नाहीत. डॉक्टरांनी ती ताटलीत टाकली. एका टोकाला पांढरट कीट धरलं होतं. "दोन दिवस जळजळेल, मग तुम्ही मोकळे," ते म्हणाले. काकाने हात जोडले.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी फाटकाजवळच्या तारा बघायला गेलो होतो. काकी भाकरी घेऊन आली होती. काका फाटकवाल्याच्या गुमटीच्या मागे लघवीला जाऊन आला आणि दगडावर बसला. त्याचा चेहरा बघून तिने विचारलं, "दुखलं?"

"नाय."

"रगत?"

"नाय. काहीच नाय. पयल्यासारखं."

आणि त्याचे डोळे भरून आले. काकी घाबरली. तिने भाकरीचं फडकं तसंच खाली ठेवलं.

"मग रडताय कशापायी?"

"आज हद्दीत जाता आलं असतं गं," काका म्हणाला.

खोपोलीची गाडी यायची वेळ झाली होती. तो उठला, फाटक लावलं, आणि हिरवा झेंडा घेऊन उभा राहिला.