गळ्यातलं इष्टलिंग

पाटोद्यात शिवशरण आप्पांचं किराणा दुकान होतं. त्यांची बायको शांतादेवी मुळातच धास्तावलेल्या जीवाची. मुलगा रवि बाहेरून यायला जरा उशीर झाला, तरी ती कोपऱ्यापर्यंत जाऊन बघून यायची. आप्पा मात्र शांत. सकाळी आंघोळ झाली की कपाळाला विभूती लावायचे, गळ्यातल्या चांदीच्या डबीतलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायचे आणि उठताना म्हणायचे, "सगळं त्याच्यावर सोपवलंय. काळजी कावून करायची?" तिला त्यांचा हेवा वाटायचा.

पंच्याण्णवच्या उन्हाळ्यात एका सकाळी आप्पा पूजा करता करता बसल्या जागी आडवे झाले. पोट लाकडासारखं कडक, अंग तापलेलं. दोन दिवसांपासून दुखत होतं, पण त्यांनी कुणाला सांगितलंच नव्हतं. रवि तेव्हा वीस वर्षांचा. त्यानं समोरच्या एसटीडी बूथवरून बीडच्या एका दवाखान्यात फोन लावला आणि काळीपिवळी जीप दारात आणली. रस्ताभर शांतादेवी आप्पांचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. खड्डा आला की आप्पांच्या आधी तीच कण्हायची.

डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं. "अपेंडिक्स फुटलंय. आत्ताच्या आत्ता ऑपरेशन." सिस्टर म्हणाली, "बाबा, गळ्यातलं काढा. आत अंगावर काही चालत नाही."

आप्पांनी डबी मुठीत आवळली.

"हे उतरणार न्हाई. पाळण्यात होतो तवा मठाच्या स्वामींनी बांधलंय. हे उतरलं की जीव उतरला. मेलो तर त्याची मर्जी."

"आप्पा, दोन-तीन तासांचा तर सवाल हाय," रवि रडकुंडीला आला. आप्पांनी तोंड फिरवलं. डॉक्टरांनी घड्याळाकडं बघितलं.

शांतादेवीच्या गळ्यातही तसंच लिंग होतं. ते अंगावेगळं करायचं म्हणजे काय, हे तिला कुणी सांगायला नको होतं. नवऱ्याच्या शब्दाबाहेर ती आजवर गेली नव्हती. ती खाटेवर वाकली.

"अहो, जल्मभर म्हणालात, त्याच्यावर सोपवलंय. मंग आता मूठ कावून आवळलीय? मर्जी त्याची म्हणता आन् अट तुमची घालता."

आप्पांनी तिच्याकडं मान वळवली. "तुला भ्या वाटत न्हाई?"

"लई वाटतंय. पाय कापतायत माजे. तरी म्हणतीय, द्या."

आप्पांची बोटं एकेक करून सुटली. तिनं दोरा उतरवला, डबी डाव्या तळहातावर घेतली. "खाली ठिवू नको," स्ट्रेचर आत जाताना ते एवढंच म्हणाले.

ती बाकावर बसली. सोपवलं की मन निवतं, असं तिला वाटत होतं. तसं काही झालं नाही. 'नमः शिवाय' म्हणायला जावं तर शब्द मागं-पुढं व्हायचे. दार वाजलं की ती उठून उभी राहायची. आप्पा सुखरूप आले तर लिंबागणेशच्या देवळात अनवाणी जाईन, असं ती मनात बोलायला लागली आणि अर्ध्यावरच थांबली. हीसुद्धा अटच की! हात बधिर झाला. रवि म्हणाला, "आई, जरा माज्याकडं दे." तिनं मान हलवली. शेवटी डबीकडं बघून पुटपुटली, "ठेवायचं तर ठेव. न्यायचं तर..."

तीन तासांनी डॉक्टर बाहेर आले. "उशिराच आणलंत. ऑपरेशन झालंय, पण चार दिवस काही सांगता येणार नाही." ते चार दिवस ताप उतरला नाही. ती आप्पांच्या उशाशी डबी धरून बसायची. पाचव्या दिवशी आप्पांनी डोळे उघडले, तिला ओळखलं आणि पाणी मागितलं.

घरी आल्यावर पुन्हा लिंग बांधायला मठाचे स्वामी आले. आप्पा अपराध्यासारखे बसले होते. स्वामींनी एवढंच विचारलं, "तेवढा वेळ कुणाच्या हातात होतं?"

"हिच्या."

"मंग झालं," असं म्हणून त्यांनी दोऱ्याला गाठ मारली.

पुढं शेजारच्या सुंदरबाईनं शांतादेवीला विचारलं, "एवढी भित्री तू, तवा थिर कशी ऱ्हायलीस?"

"थिर कुटं होते बाई? भीत भीतच त्याच्या हवाली केलं. त्यानं तसंच घेतलं."

आप्पा त्यानंतर अकरा वर्षं जगले. बारीक कळ आली तरी आधी तिला सांगायचे.