बापूरावांचे मुके कोंबडे

बापूराव गेल्याचं पत्र धारहून आलं तेव्हा मी वर्गावर निघालो होतो. वाचलं आणि तसाच खुर्चीवर बसलो… देवासच्या आमच्या कॉलेजात ते प्रयोगशाळेचे शिपाई होते. शिक्षण चौथीपर्यंत. पण प्रयोग म्हणजे काय, हे मला पुस्तकांपेक्षा त्यांनीच जास्त शिकवलं.

त्या वर्षांत हिवतापासाठी गावोगाव भिंतींवर डीडीटी मारत होते. तिचा हार्मोनवर, प्रजननावर काही परिणाम होतो का, हे मला कोंबड्यांवर पाहायचं होतं. निम्म्या नर-पिलांना डीडीटी कालवलेला दाणा, निम्म्यांना साधा. हे मी बापूरावांना सांगितलं. त्यांची दोन मुलं धरमपुरीला तापानं गेली होती; फवारणी सुरू झाल्यावर जन्मलेली सुमन तेवढी हाती लागली होती.

"सर, कोणत्या पिंजऱ्यात काय, ते मला सांगू नका," ते म्हणाले. "दाणा तुम्हीच कालवा, डब्यांवर नुसते नंबर टाका. माझं मन त्या पावडरीकडे आहे. मन जिकडं, डोळे तिकडंच बघतात."

स्वतःच्याच डोळ्यांवर असा पहारा बसवणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

तीन महिने ते रोज कोंबडे तोलत, तुरे मोजत, कोण आरवलं ते पाटीवर लिहीत. तुरा आणि बांग नराच्या हार्मोनवर ठरतात. काहींचे तुरे लालभडक झाले, सकाळी प्रयोगशाळा दणाणून जाई. काहींचे मात्र फिकट, बोटाच्या पेराएवढे राहिले, आवाजच फुटेना. शेवटी कापून पाहिलं, तर या मुक्यांची वृषणं पार खुरटलेली. मी कपाटातून यादी काढून वाचली. मुके सगळे डीडीटीचे निघाले. डीडीटी खाऊनही आरवला तो एकटा सात नंबर.

बापूराव भिंतीला टेकून खाली बसले. म्हणाले, "आहे ते लिहा सर. सात नंबरपण लिहा. आणि माझी सुमन जगली, ते कुठं लिहिता आलं तर…"

सात नंबर गाळायच्या बेतात मी होतो, हे त्यांना कसं कळलं कोण जाणे!

शोधनिबंध घेऊन मी आरोग्य खात्यातल्या एका साहेबांकडे गेलो. "कोंबड्यांच्या तुऱ्यासाठी माणसं मरू देऊ का?" त्यांनी विचारलं. मी धुमसत परतलो. बापूराव मात्र शांत. "ते खोटं बोलले नाहीत सर. आपणही नाही. आता दोन्ही सांभाळायचं."

गेल्या आठवड्यात धारला त्यांच्या घरी भेटायला गेलो, तर फवारणीवाले दारात उभे. "थांबा हो भिया, जरा," वहिनी, बापूरावांच्या पत्नी, म्हणाल्या; माळव्यात भाऊला भियाच म्हणतात. पिठाचा डबा, गव्हाचे डबे, पाण्याचा माठ, एकेक करून त्यांनी अंगणात आणलं, कोंबड्यांच्या खुराड्यावर गोधडी टाकली. मी हात लावायला पुढे झालो.

"असू द्या. ह्यांनी घालून दिलेला क्रम आहे, मला पाठ झालाय."

सगळं बाहेर आल्यावर त्यांनी दार सताड उघडलं.

"हां भिया, अब मारो. कोपरे सोडू नका."