बसून करायचं काम

तातेराव सोनपसारे यांची उमर जालन्याच्या एका रोलिंग मिलमध्ये गेली. लालभडक सळई चिमट्यात धरायची आणि फिरत्या रुळांच्या पुढच्या तोंडात द्यायची, एवढंच काम. हात चुकला तर सळई सापासारखी अंगावर येते. तातेरावांचा हात चुकला नाही, म्हणून हातपाय जागेवर राहिले. छाती मात्र राहिली नाही. चार पावलं भरभर टाकली की दम लागू लागला, तसं ठेकेदारानं त्यांना घरी बसवलं.

घरात एक रीत होती. ती तातेरावांच्या आईनं घालून दिलेली. कालवणात पहिली पळी बुडायची ती मिलवाल्यासाठी. अंडं असो, कलेजी असो, आधी त्याचं ताट. मग लेकरांचं. बाई उरलेल्या रश्श्यात भाकरी कुस्करून उठायची. तातेरावांना यात कधी वावगं वाटलं नाही. जो राबेल त्यानं खावं, हे ते स्वतःच चारचौघांत सांगायचे.

आता राबत होती त्यांची बायको, बेबीनंदा. बियाण्याच्या शेडमध्ये ती कारल्याचं बी निवडायला जायची. पोचट बी काढायचं, फुटकं काढायचं, चांगलं घमेल्यात टाकायचं. मजुरी किलोवर. घर त्या मजुरीवर चालायचं. पण पहिली पळी अजून तातेरावांच्याच ताटात पडत होती. काम एका हातातून दुसऱ्या हातात गेलं, रीत जागची हलली नाही.

हे कदाचित तसंच चाललं असतं. पण बेबीनंदाच्या गर्भपिशवीत गाठ निघाली. अंगावरून जायचं ते थांबेना. सरकारी दवाखान्यात सांगितलं, ऑपरेशन योजनेत बसतं. चिरणं, शिवणं, औषध, सगळं फुकट. फक्त अंगात रक्त दहाच्या वर पाहिजे, आणि ते घरून आणायचं होतं.

पहिल्या तारखेला रक्त दहा भरलं नाही. दुसऱ्या तारखेलाही नाही. डॉक्टरीण पोरसवदा होती, पण बोलली सरळ. म्हणाली, "काका, नुसत्या गोळ्यांनी होत न्हाई. यांना खायला घाला."

तातेरावांना हे फार लागलं. घरात अंडी येत नव्हती असं नव्हतं. पोरगा संघपाल चाकणला गाडी चालवायचा, आईसाठी म्हणून तो वेगळे पैसे धाडायचा. अंडी यायची. फक्त ज्या ताटात पडायला पाहिजेत त्यात पडायची नाहीत.

घरी आल्यावर त्यांनी तिला बजावलं, आजपासून अंडं तुझं. ती हो म्हणाली आणि रात्री अंडं त्यांच्याच रश्श्यात निघालं. विचारलं तर म्हणाली, "तुमची छाती खराब. मला काय झालंय? माझं तर बसून करायचं काम."

तातेरावांचं डोकं फिरलं. त्यांनी ताट सरकवलं आणि सांगून टाकलं, की तू जेवून हात धुतल्याशिवाय मी घासाला शिवणार नाही. ती म्हणाली, आजवर नवऱ्याच्या आधी जेवले नाही, आता काय जेवू. दोघंही हट्टाला पेटले. भाकरीचे पापुद्रे वाळून वर आले. सकाळीही तोच खेळ. शेवटी ती नुसता काळा चहा पिऊन कामाला गेली.

दुपारी साळूबाईनं तिला रिक्षात घालून घरी आणलं. साळूबाई शेडमध्ये तिच्या शेजारी बसायची. बेबीनंदा भोवळ येऊन बियाच्या ढिगावर पडली होती. तिला खाटेवर टाकून साळूबाई तातेरावांकडे वळली.

"दाजी, तुमची भट्टी बंद पडली, पण धग काय कमी झाली न्हाई."

मग साळूबाईनं दुसरी गोष्ट सांगितली, ती जास्त वाईट होती. बेबीनंदा डबा नेत होती, पण उघडत नव्हती. हात थांबला की वजन कमी भरतं, म्हणून बाया चहा पितात, मिसरी लावतात आणि भूक मारतात.

"मंग डब्यातल्या भाकरीचं काय होतं?" तातेरावांनी विचारलं.

"काय होतं म्हंजी? तीच रातच्याला गरम करून तुमाला वाढती."

तातेरावांना आपलाच राग आला, तिचाही आला, शेडचाही आला. राग धरून रक्त वाढत नाही, हे त्यांना कळत होतं.

दोन दिवसांनी बेबीनंदा परत कामावर गेली. मागून तातेरावांनी स्वतः चूल पेटवली. भाकरी थापताना तीन ठिकाणी फाटली. कलेजी जरा करपली. अंडी उकडली आणि दुपारी डबा घेऊन ते चालत, थांबत, दम खात शेडवर पोचले.

मालक गोदामाला फेऱ्या मारत होता. मनगटावर घड्याळ, अंगात नवे कपडे, पायात नवे बूट. घाम काढायला डॉक्टरनं सांगितलंय म्हणे. तातेरावांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि आत गेले.

मुकादम मच्छिंद्रनं त्यांना दारातच अडवलं. डबा ठेवा अन् जा, म्हणाला, काम थांबलं तर मला बोलणी बसतात.

"काम थांबणार न्हाई," तातेराव म्हणाले. "तिच्या जागेवर मी बसतो. तिला खाऊ दे."

बाया हसल्या. कुणी म्हणालं, भाऊजी, चिमटा आणलाय का? बेबीनंदा लाजून लाल झाली. पण तातेराव तरटावर बसले आणि ढीग पुढ्यात ओढला.

चिमट्यानं घट्टे पडलेली बोटं. त्यांत बी सापडेना. सापडलं तर निसटायचं. पोचट कोणतं, भरलेलं कोणतं, हे डोळ्याला दिसायच्या आत मान भरून आली. धूळ छातीत गेली आणि खोकला सुटला. मिलमध्ये धुरासाठी गूळ मिळायचा. इथल्या धुळीसाठी कुणी गुळाचा खडा देत नव्हतं. तातेरावांनी आयुष्यभर कामाची पारख केली होती, आणि हे काम त्यांनी कधी कामात धरलंच नव्हतं.

मच्छिंद्रनं घमेल्यात हात घालून बघितलं. "काका, निम्मं पोचट तसंच राह्यलंय. हे परत निवडावं लागंल."

"निवडतो," तातेराव म्हणाले.

मागं बेबीनंदा पाठमोरी बसून जेवत होती. अधूनमधून मान वळवून सांगायची, अवो, ते फुटकं टाका ना बाजूला. तातेराव म्हणायचे, तू खा. थोड्या वेळानं झाकण लागल्याचा आवाज आला. तिनं डबा त्यांच्या हातात दिला आणि आपली जागा मागितली.

तातेरावांनी डबा जरा हलवला. आत काहीतरी गडगडलं.

त्यांनी झाकण काढलं. एक अंडं तसंच होतं, भाकरीच्या तुकड्याखाली झाकलेलं. बेबीनंदानं मान खाली घातली. तातेरावांनी उघडा डबा तिच्या पुढ्यात ठेवला, घमेल्यातलं बी परत तरटावर ओतलं आणि पहिल्यापासून निवडायला बसले.