बंद घरातलं पाणी

मी नागपूरला सायन्सच्या पहिल्या वर्षाला होतो. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे सुटीत आरमोरीजवळच्या आमच्या गावी आलो की अवघड कामं माझ्याकडे यायची. त्या हिवाळ्यात मामीचे वडील आजारी पडले. मामा-मामी पंधरा दिवसांसाठी तिकडे गेले आणि त्यांच्या घराची किल्ली माझ्या हाती आली.

"माकडं कवेलू सरकवते," मामा म्हणाले. "आभाळ आलं त घर गळन. आन् बियाण्याचं धान भिजलं त पुढच्या साली पेरू काय?"

ते बियाणं मधल्या खोलीत, बांबूच्या ढोलीत, म्हणजे कणगीत, भरलेलं होतं. मी छपरावर चढून कवेलू, म्हणजे कौलं, नीट बसवले. मग घासलेटचे डबे उलगडून केलेला पत्रा ढोलीच्या तोंडावर ठेवला आणि कडा शेणमातीने लिंपून टाकल्या. आता वरून कितीही गळो. खरं सांगायचं तर मला थोडा अभिमानही वाटला.

शेजारची म्हातारी कुंपणाआडून पाहत होती.

"बापू, रोज सांजी चूल पेटवत जाय. घराले धूर पाह्यजे. धुरानं माकडं येत नाई, ओलही राह्यत नाई."

"रिकाम्या घरात चूल कोणासाठी, बाई?"

"घरासाठी! कॉलेजात हे नाई शिकवत काय?"

मी हसलो आणि कुलूप लावलं.

आठ-नऊ दिवसांनी सकाळी दार उघडलं, तर आंबूस वास आला. पत्रा उचकटला. वरचं धान ओलं होतं, काही दाण्यांना पांढरे मोड आले होते. पण पाऊस तर पडलाच नव्हता! पुन्हा छपरावर चढलो. कवेलू जागचे हलले नव्हते. भिंती कोरड्या, जमीन कोरडी. मग पाणी आलं कुठून?

म्हातारीला बोलावलं. तिने मूठभर धान हुंगलं.

"हे वरून नाई आलं. धान पुरतं वाळलंच नव्हतं, आन् तू त त्याले कोंडून राह्यला."

मला पटलं, तरी स्वतः पाहिल्याशिवाय चैन पडेना. पत्रा कोरडा पुसून पुन्हा ढोलीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी उचलला, तर खालची बाजू थेंबांनी भरलेली, भाताच्या झाकणासारखी. धानातलीच ओल थंड पत्र्याला लागून पाणी होत होती आणि परत धानावर पडत होती. हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं.

पत्रा काढून टाकला. वरचं धान अंगणात वाळत घातलं आणि संध्याकाळी निमूटपणे चूल पेटवली. पण खालचं धान उगवेल का? त्यातले पन्नास दाणे ओल्या फडक्यात बांधून ती पुरचुंडी चुलीजवळ उबेला ठेवली.

मामा परतले तेव्हा मी चाचरत सगळं सांगितलं. चुलीशी बसून त्यांनी पुरचुंडी सोडली आणि एकेक दाणा बाजूला केला. पंचेचाळिसांना मोड होते.

"वरचं गेलं कोंबड्यांले. बाकीचं पेराले चालते," ते म्हणाले, आणि मग माझ्याकडे वळले. "घर गळलं असतं त खाली बादली तरी ठेवली असती, भाच्या. तू त झाकून भिजवलं!"

मामी हसू लागली. मलाही हसू आलं, सुटल्यासारखं. पण माझी नजर फडक्यावरच होती. तेच धान, तीच ऊब, मग ते पाच दाणे का उगवले नसावेत? मामांना विचारावं की नाही, ते ठरवत मी तिथेच बसून राहिलो.