जीपच्या हिशेबाने न्यूयॉर्क

मी विमानातल्या मधल्या वाटेत उताणी पडले होते आणि एक हवाई सुंदरी माझे दोन्ही पाय वर धरून उभी होती. शुद्ध आल्यावर आधी मी पातळ खाली ओढलं. एक तरुण मुलगी माझी नाडी बघत होती. ती डॉक्टर, आमच्यासारखीच प्रवासी, आणि नशिबाने मराठी.

"आजी, शेवटचं पाणी कधी प्यायलात?"

"काल संध्याकाळी."

"अहो, इथे सारखं देतात की!"

"देतात. मी घेतलं नाय."

माझं माहेर सुरगाण्याकडचं. वणीच्या बाजाराला जीपने जायचं म्हणजे माणसं कोंबलेली. बाईसाठी ड्रायव्हर थांबायचा नाही आणि थांबला तरी आडोसा नसायचा. म्हणून आम्ही बायका आदल्या रात्रीपासूनच पाणी बंद करायचो. लग्न होऊन नाशकात आले, एसटीने गावोगाव फिरले, तरी ती सवय काही सुटली नाही.

विमानालाही मी तोच नेम लावला. मुंबईहून सकाळी दहाला निघायचं आणि न्यूयॉर्कला त्याच दिवशी पाचच्या आत पोचायचं, असं तिकिटावर होतं. म्हणजे नाशिकहून सोलापूरला जाण्याइतका वेळ. एवढं मी सहज काढते. तिकडचं घड्याळ आपल्या मागे असतं हे मला कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. विमानात संडास असतो हे माहीत होतं. पण माझी जागा खिडकीशी आणि शेजारी पुण्याचे एक आडव्या अंगाचे गृहस्थ घोरत पडलेले. त्यांना ओलांडणार कोण?

बराच वेळ झाल्यावर ते जागे झाले, तेव्हा मी विचारलं, "आलं का न्यूयॉर्क?"

"ताई, सोळा तासांचा प्रवास आहे. साडेबारा हजार किलोमीटर. आत्ता कुठे निम्मं झालंय."

ते ऐकून मी ताडकन उठले, वाटेत आले आणि पडले.

हवाई सुंदरी वैमानिकाशी फोनवर बोलली. डॉक्टरीण मला म्हणाली, "विमान मध्येच कुठे उतरवायचं का, असं विचारतायत."

तिकडे माझ्या लेकीचे दिवस भरलेले. जावयाची नोकरी नवी, घरात तिसरं माणूस नाही. मला वाटेतल्या परक्या गावी दवाखान्यात टाकलं असतं, तर बाळंतपण उरकल्यावर मी पोचले असते.

"नाय उतरायचं," मी म्हणाले.

"मग प्या. मीठ-साखरेचं पाणी, घोट घोट. थोड्या वेळात लघवी झाली तर पुढे जाऊ. नाही झाली तर मी उतरवायला सांगणार."

जन्मभर जे रोखून धरलं, ते आता विमानभर माणसांसाठी करायचं होतं. मला वाटेकडेच्या खुर्चीवर बसवलं आणि गृहस्थ खिडकीशी सरकले. मी पेल्यामागून पेला पीत होते. ते एकदा घड्याळाकडे बघायचे, एकदा माझ्याकडे.

"ताई, काही वाटतंय का?"

"तुम्ही खिडकीबाहेर बघा, म्हणजे वाटेल."

अखेर उठले. डॉक्टरणीने दारापर्यंत धरून नेलं आणि ती बाहेरून ओरडली, "आजी, घाई नाही हं!"

"मग गप उभी राहा की."

बाहेर आले तर पाच-सहा रांगा माना वळवून बसलेल्या.

"झाली?" गृहस्थांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

"झाली," मीही तसंच सांगितलं. मागे कोणीतरी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरणीने पुन्हा नाडी बघितली आणि हवाई सुंदरीला मान हलवून खूण केली. विमान सरळ पुढे गेलं. नंतर गृहस्थांना लागली, तेव्हा त्यांना मला ओलांडून जावं लागलं.

मी पोचले आणि त्याच आठवड्यात लेक बाळंत झाली. मुलगी झाली. ती जगली, तिची आई जगली, आणि मीही जगले.